विहिरीतला महाल आणि माळवदाचे घर

उन्हाळा चुकविण्याच्या दोन रीती आमच्या सातारा जिल्ह्यात शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात. एक आहे डोंगर चढून जाण्याची. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वर घेतले, मोबदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले, आणि साडेचार हजार फुटांच्या आसपास गार वाऱ्यात माल्कमपेठ वसविली. दुसरी रीत तिच्याहून शंभर वर्षांनी वडील. ती जमिनीखाली उतरण्याची.

ती पाहायची तर साताऱ्याहून पुण्याच्या वाटेने निघून चार-पाच कोसांवरच्या लिंब गावी जावे. तेथील बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविली. शाहू छत्रपतींच्या घरात त्यांचा मान राणीसारखा होता. विहीर अष्टकोनी असून व्यास सुमारे पन्नास फूट, तर खोली एकशेदहा. नाव बारा मोटांचे, पण पंधरा मोटा एकदम चालाव्यात एवढी सोय. पाणी आमराईसाठी, पण बांधणाऱ्याने केवळ आमराईचाच विचार केला नाही. पायऱ्या उतरून दरवाजातून आत शिरले, की विहिरीच्या अंगातच कोरीव खांबांचा एक छोटा महाल लागतो. राजघराण्याची विश्रांती आणि मसलती येथे होत, असे सांगतात.

वैशाखातल्या दुपारी मी तेथे उभा राहिलो आहे. वर पायाला चटके बसत होते, आणि महालात अंगावरचा घाम हळूहळू सुकत होता. यात जादू काही नाही. जमिनीत दहा-पंधरा फूट खाली ऋतूंची तेजी-मंदी मावळत जाते आणि वर्षभराच्या सरासरीइतकीच उष्णता उरते. शिवाय देशावरची कोरडी हवा पाण्यावरून येते, तेव्हा पाण्याची वाफ होताना हवेतलीच उष्णता खर्ची पडते. हे गणित त्या कारागिरांनी आकड्यांनी मांडले नसेल, दगडांनी मांडले. मात्र एक गोष्ट विसरू नये. खाली सावलीत मसलत चाले तेव्हा वर उन्हात बैल आणि मोटकरी धावेवर राबत असत. गारव्यालाही किंमत असते, आणि ती नेहमी गारव्यात बसणाराच देतो असे नाही.

राजांना विहीर होती. रयतेने काय केले? त्यासाठी सांगलीच्या पूर्वेकडे, आटपाडी-जतच्या माणदेशी मुलखात जावे. पाऊस थोडा, ऊन उदंड. तेथे रयतेचे घर माळवदाचे. तुळया, त्यांवर आडवी लाकडे, पाला, आणि वर चोपलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचे ऊन त्या थरातून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोवर घरची माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर निजायला गेलेली असत. दिवसा घरात, रात्री घरावर! थंड हवेचे ठिकाण जिन्याच्या दहा पायऱ्यांवर.

आमचे मूळ घर याच मुलखातले. ते आता खचले आहे, आणि मुलाबाळांना सुटीत राहता येईल असे नवे घर तेथे बांधावे, असे आम्हा भावंडांत ठरत आहे. थोरल्या बंधूंना सिमेंटचा स्लॅब हवा, आत्या म्हणतात, "अरे, त्या भट्टीत मी यायची नाही. माळवद करा." दर मृगाआधी माती चोपायची कोणी, याचे उत्तर आत्यांजवळ नाही, आणि स्लॅब दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडतो, याचे उत्तर बंधूंजवळ नाही.

या वादात इतिहासाने तिसरी साक्ष दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्रीची पहाट होण्यापूर्वी, किल्लारीला भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. पुष्कळशी आपल्याच माळवदाखाली. एक फूट मातीचे वजन दर चौरस फुटास चाळीस किलोंवर जाते, आणि ज्या भिंतींवर ते होते त्यांची आतली व बाहेरची फळी आरपार दगडांनी बांधलेली नव्हती. १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या आमच्या जिल्ह्यांनी हे दुसऱ्याचे दुःख समजू नये. जुने ते सगळे शहाणपणाचे, असे म्हणणे त्या मृतांपुढे शोभणार नाही.

म्हणून मी घरात असे सुचविले आहे : माळवदाची माती सोडावी, पण त्याचा विचार ठेवावा. भिंती दगडी व जाड, पण आरपार दगडांच्या आणि चौफेर सिमेंटच्या पट्ट्याने आवळलेल्या. स्लॅब घालावा, पण त्यावर वारा खेळेल इतकी जागा सोडून कौलांची सावली धरावी. पश्चिमेला कोठी व न्हाणी, त्यापलीकडे कडुनिंब. मध्ये चौक, चौकाला लागून खोल सोपा. आणि निजण्यापुरती मोकळी गच्ची, कठड्यासकट.

आत्यांनी गच्चीवर संमती दिली आहे; बंधू कौलांचा खर्च मोजत आहेत. आमच्याइकडे घर बांधणे म्हणजे उन्हाशी तह करणे. त्यात काय राखायचे आणि काय सोडायचे, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.