नाशिकचा सांधा

नाशिकच्या धातुकामाचा इतिहास सहसा दोन वेगळ्या प्रकरणांत सांगितला जातो. पहिल्यात जुन्या गावातले तांबट आणि भांडी बाजार, दुसऱ्यात 1964 नंतरचा ओझरचा विमान कारखाना आणि मिग विमाने. एक हस्तकलेच्या खात्यात पडते, दुसरे उद्योगाच्या. पण धातूचे दोन तुकडे जोडायचे कसे, या अंगाने पाहिले तर ही प्रकरणे एकमेकांना लागून आहेत. मूळ धातू वितळू न देता सांधा पक्का करायचा, ही अडचण तांबटापुढे होती, विमान बांधणाऱ्यापुढे आली आणि आज हलके धातू जोडू पाहणाऱ्यापुढेही तीच आहे.

ब्रिटिश अभ्यासक बर्डवुडने भारतीय हस्तकलांवरच्या आपल्या 1880 च्या ग्रंथात तांब्या-पितळेच्या कामासाठी पुण्याबरोबर नाशिकचेही नाव घेतले. या कामातली खरी कसोटी घडणीइतकीच सांध्यात असे. पत्र्याच्या कडांना दाते पाडायचे, ते एकमेकांत गुंतवून ठोकायचे, वर डाखाची, म्हणजे आधी वितळून सांधा भरणाऱ्या मिश्रधातूची, पूड आणि टाकणखार लावून कोळशाच्या भट्टीत झाळायचे आणि मग हातोडीने मठारायचे. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. भरपूर जस्त घातलेला पितळी डाख त्याच्या सुमारे दोनशे अंश आधीच पाझरू लागतो. तेवढ्या सवडीत काम उरकावे लागे. गंगाजमनी भांड्यात तांब्याला पितळ जोडायचे असले की ही सवड फारच आक्रसते, कारण पितळ स्वतःच नऊशेच्या थोडे पुढे वितळू लागते. हयगय झाली तर डाखातले जस्त पांढऱ्या धुराच्या रूपात उडून जाते आणि सांधा पोकळ राहतो. उष्णतामापक नसताना केवळ धगीच्या रंगावरून हे साधणाऱ्याला नुसता हस्तकुशल म्हणणे अपुरे आहे. दोन धातूंचे वितळणे तो वेगवेगळे ओळखत होता.

अ‍ॅल्युमिनियमपाशी मात्र ही विद्या अडली. ते 660 अंशांनाच वितळते, म्हणजे डाख पाझरण्याआधी भांडेच बसेल. शिवाय त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांपर्यंत टिकतो आणि टाकणखाराने निघत नाही. ओझरच्या कारखान्यात मिग-21 चा सांगाडा बांधताना गाठ याच धातूशी होती. त्यातला डी-16 हा मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे घालून केलेला. तांबट ज्यावर आयुष्यभर हातोडी चालवी, तेच तांबे इथे चिमूटभर मिसळून बळकटी देते आणि वितळवून जोडू गेले की थंड होताना सांध्याला चिरा पाडायला कारणही होते. म्हणून विमान रिव्हेटांनी शिवले गेले. रिव्हेटाने धातू वितळत नाही, पण प्रत्येक भोकाशी ताण साठतो, वजन वाढते आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तिथूनच भेग सुरू होते.

या कोंडीतून 1991 साली केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी वाट काढली. फिरता कठीण दांडा सांध्यात दाबून पुढे सरकवायचा. घर्षणाने धातू लोण्यासारखा मऊ होतो, ढवळला जातो, पण वितळत नाही. फ्रिक्शन स्टर वेल्डिंग ते हेच. अमेरिकेतल्या एक्लिप्स 500 या छोट्या जेटमध्ये हजारो रिव्हेटांची जागा याने घेतली. होंडाने 2013 च्या अकॉर्ड मोटारीच्या पुढच्या सबफ्रेममध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम याच पद्धतीने जोडले.

तांबटापासून इथपर्यंत प्रश्न एकच आहे, या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो वारशाचा. ओझरला ज्ञान सोव्हिएत परवान्याने आले, तांबटांकडून नव्हे. ते खरेच आहे आणि माणसांची परंपरा इथे जोडून दाखवता येत नाही. माझा दावा प्रश्नाच्या सातत्याचा आहे, आणि तो माणसे बदलल्याने खोटा ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तांबे आणि जस्त एकमेकांत सहज मुरतात. आज जोडायचे असलेले हलके धातू, अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम, मात्र मिळाले की ठिसूळ संयुगे तयार होतात, आणि दोघे साडेसहाशेच्या आसपास वितळत असले तरी त्यांचे मिश्रण 437 अंशांनाच द्रवरूप होऊ लागते. म्हणजे सांध्यावर 'न वितळता' ही अटच ढासळू शकते. हे मान्य करायलाच हवे. तांबटाचा प्रश्न तुलनेने सोपा होता. पण ठिसूळ थर किती जाड होतो हे उष्णता किती आणि किती वेळ मिळाली यावर ठरते, म्हणून दांड्याचे फेरे आणि सरकण्याचा वेग यांवर सारे काम तोलले जाते. भट्टीतून भांडे कधी काढायचे हा निर्णयही उष्णता आणि वेळ या दोन गोष्टींचाच होता.

म्हणूनच नाशिकची जुनी भांडी संग्रहालयात केवळ नक्षीसाठी मांडणे मला पुरेसे वाटत नाही. मोडीत निघालेल्या हंड्यांचे सांधे कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवेत: डाख किती खोल शिरला, जस्त किती उरले, दात्यांची वीण किती बारीक होती. मोड दरवर्षी वितळवली जाते आहे आणि तिच्याबरोबर हा पुरावाही.