चोंदलेले नाक आणि फवाऱ्याची मर्यादा

दिवाळी सरली की छत्रपती संभाजीनगरात पहाटेची हवा बोचरी व कोरडी होते. रस्त्यांवरील धूळ आणि पावसाळ्यानंतर फुललेल्या गाजर गवताचे परागकण तीत मिसळतात. सर्दी झालेल्यांबरोबरच अ‍ॅलर्जीचा त्रास असणाऱ्यांचीही नाके या दिवसांत चोंदतात. अशा वेळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या छोट्या बाटलीचा एक फवारा मारला की काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. आराम इतका झटपट मिळतो की बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही.

नाक केवळ शेंबडाने बंद होते, हा समज पुरेसा खरा नाही. नाकाच्या आत हाडांच्या वळ्या असतात. त्यांवरील श्लेष्मल त्वचेतील रक्तवाहिन्या फुगल्या की हवेची वाट अरुंद होते. झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही औषधे या रक्तवाहिन्यांना आकुंचित करतात. सूज तात्पुरती उतरते. सर्दी मात्र तिच्या गतीनेच बरी होते. नाकाच्या दोन बाजू दिवसभरात आळीपाळीने थोड्या चोंदतात व मोकळ्या होतात, हे निसर्गतःच घडते. तेवढ्यासाठी औषध घेण्याचे कारण नाही.

खरा धोका पुढेच आहे. फवारा सलग तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरला तर रक्तवाहिन्या औषधास दाद देईनाशा होतात. परिणाम ओसरताच त्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात आणि नाक पुन्हा बंद होते. रुग्णास वाटते, सर्दी हटत नाही. म्हणून तो आणखी फवारे मारतो. आठ-दहा तास टिकणारा आराम दोन-तीन तासांवर येतो. पुढे उशीखाली बाटली ठेवल्यावाचून झोप लागत नाही. आजार आता औषधाचाच झालेला असतो. वैद्यकशास्त्रात यास 'र्‍हायनायटिस मेडिकामेंटोसा' म्हणतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा कामगार असो वा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, ज्यास थांबून राहणे परवडत नाही तोच या चक्रात लवकर सापडतो.

सवय जडलीच तर ती सुटू शकते. आधी एका नाकपुडीत औषध थांबवून, ती मोकळी राहू लागल्यावर दुसरीतही थांबवणे हा एक मार्ग आहे. पहिले काही दिवस जड जातात. या काळात डॉक्टर बहुधा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन यांसारखा स्टेरॉइडचा फवारा देतात. त्याचा गुण सावकाश येतो, पण त्याने अशी सवय लागत नाही. 'स्टेरॉइड' या शब्दास घाबरून लोक तो नाकारतात आणि खरोखर सवय लावणारी बाटली निर्धास्तपणे खिशात बाळगतात, हे नवलच म्हणावे.

फवारा वापरण्यापूर्वी नाक हलकेच शिंकरावे. मान मागे न टाकता किंचित पुढे झुकवावी आणि नळीचे तोंड मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूस, डोळ्याच्या रोखाने वळवावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरल्यास हे आपोआप साधते. श्वास अलगद घ्यावा. जोराने ओढल्यास औषध घशात उतरते. ऑक्सिमेटाझोलिन दिवसातून दोनदा, तर झायलोमेटाझोलिन फार तर तीनदा पुरते. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. एकाच व्यापारी नावाखाली मिठाच्या पाण्याचे फवारेही मिळतात, त्यामुळे घटक वाचून घेणे इष्ट. मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यास दिवसांची मर्यादा नाही. घरी नाक धुवायचे असल्यास मात्र पाणी उकळून गार केलेलेच असावे. नळाचे पाणी तसेच वापरू नये.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइडचा अतिरेक किंवा प्रोस्टेटची तक्रार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी डॉक्टरांस विचारल्यावाचून हा फवारा घेऊ नये. सहा वर्षांखालील मुलांनाही तो परस्पर देऊ नये. मोठ्यांची बाटली मुलांच्या हाती लागणे तर घातक. एक-दोन मिलिलिटर औषध पोटात गेल्यानेही लहान मूल गुंगीत किंवा बेशुद्धावस्थेत जाऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2012 मध्ये दिला होता. असे घडल्यास घरगुती उपाय न करता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दहा दिवसांनंतरही नाक मोकळे होत नसेल, ताप वा चेहऱ्यात ठणका असेल, वारंवार रक्त येत असेल, तर फवारा बाजूस ठेवून घाटी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या कान-नाक-घसा विभागात तपासून घ्यावे. पडद्याचे वाकडेपण वा नाकातील मांसल वाढ फवाऱ्याने जात नाही. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर तेथे बहुधा हरभरा, मणी किंवा खडूचा तुकडा अडकलेला असतो. तो घरी चिमट्याने काढू जाता आणखी आत सरकतो.