उष्टावण : शिशूच्या प्रथमान्नाचा संस्कार आणि व्यवहार

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतून मूल सहा महिन्यांचे होताच उष्टावणासाठी चांगला दिवस पाहिला जातो. मामा भाच्याला मांडीवर घेऊन वाटीतील खिरीचे पहिले बोट त्याच्या ओठांस लावतो. मूल तोंड वेडेवाकडे करते, अर्धी खीर जिभेने बाहेर लोटते, वाटीत हात घालते आणि उरलेली खीर आपल्या व मामाच्या कपड्यांस फासते. घरच्या मंडळींस या गोंधळाचे कौतुकच वाटते. तथापि या प्रसंगामागे एक जुना प्रश्न आहे. प्रथमान्न हा एका दिवसाचा विधी समजावयाचा, की दीर्घकाळ चालणाऱ्या एका संक्रमणाचा प्रारंभ? धर्मशास्त्र आणि वैद्यक या दोन परंपरांनी त्यास भिन्न उत्तरे दिली आहेत, आणि ती एकत्र वाचल्यावाचून या संस्काराचा अर्थ पुरता उलगडत नाही.

अन्नप्राशनाचा सुव्यवस्थित विधी गृह्यसूत्रांत आढळतो. आश्वलायन, शांखायन व पारस्कर हे तिघेही त्यासाठी सहावा महिना सांगतात. मनुस्मृतीतही हाच काळ आला असून तेथे कुलाचारास मोकळीक ठेवली आहे. पारस्करांच्या विधीत पहिली आहुती वाग्देवतेस उद्देशून आहे. त्यानंतरच्या आहुतींत प्राणाने अन्न, अपानाने गंध, नेत्रांनी रूप आणि कर्णांनी यश भोगावे अशी प्रार्थना येते. शेवटी सर्व रस व सर्व प्रकारचे अन्न एकत्र घेऊन ते शिशूस चाटवावे, असे विधान आहे. अन्न व वाणी यांचे द्वार एकच आणि अन्नाचा अनुभव सर्व इंद्रियांचा, ही जाणीव या क्रमात स्पष्ट दिसते. विशिष्ट फलासाठी विशिष्ट पदार्थही सांगितले आहेत. आश्वलायनांच्या मते अन्नसमृद्धीसाठी बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चसासाठी तित्तिराचे मांस आणि तेजासाठी तूपभात द्यावा. पुढील काळातील ब्राह्मणी आचारात मांस मागे पडून खीर व दहीभात राहिले. मुलीच्या बाबतीत मात्र हा विधी मंत्रावाचून करावा, असे आश्वलायन सांगतात. संस्काराच्या अधिकारातील भेद असा पहिल्या घासापासूनच सुरू होतो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

वैद्यकग्रंथांची दृष्टी याहून वेगळी आहे. सुश्रुतही सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न द्यावे असे म्हणतात. परंतु त्यांचे खरे वैशिष्ट्य बालकांच्या वर्गीकरणात आहे. एक वर्षापर्यंतचे मूल ‘क्षीरप’, दोन वर्षांपर्यंतचे ‘क्षीरान्नाद’ आणि त्यापुढचे ‘अन्नाद’ होय. यांतील मधली संज्ञा महत्त्वाची आहे. दूध आणि अन्न या दोहोंवर वाढणाऱ्या बालकाची स्वतंत्र अवस्था तीमुळे मान्य होते. काश्यपसंहिता आणखी पुढे जाते. सहाव्या महिन्यात फलप्राशन, आणि दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्यात अन्नप्राशन, अशा दोन पायऱ्या ती सांगते. वाग्भटांनीही दात आलेल्या बालकास स्तनपानापासून एकदम न तोडता क्रमाक्रमाने दूर करावे, असे सांगून चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक सुचविला आहे. यांपैकी मध एक वर्षाच्या आत देऊ नये, असे आजचे वैद्यक सांगते. मधातून होऊ शकणारा शिशूंचा बोटुलिझम हा विकार १९७६ मध्ये प्रथम ओळखला गेला. उपदेशातील पदार्थ कालबाह्य ठरला, तरी ‘क्रमशः’ हे तत्त्व टिकून राहिले.

जेवणातील सांडलवंडीविषयी धर्मशास्त्राने काय म्हटले आहे, हेही पाहण्याजोगे आहे. उच्छिष्टाविषयी एवढी कठोर असणारी ही परंपरा बालकाच्या बाबतीत अनपेक्षितपणे उदार होते. गौतमधर्मसूत्रानुसार उपनयनापूर्वी मूल ‘कामचार’, ‘कामवाद’ व ‘कामभक्ष’ असते. म्हणजे त्याने हवे तसे वागावे, बोलावे व खावे. त्यास आचमनाचा नियम नाही. पुसणे, धुणे व पाणी शिंपडणे एवढेच पुरे. त्याच्या स्पर्शाने अशौचही येत नाही. हाताकोपरांपर्यंत भात माखलेल्या मुलास उचलून घेणाऱ्या आईस याहून सोयीचा नियम कोणता असेल?

या पार्श्वभूमीवर ‘उष्टावण’ हा मराठी शब्द विशेष बोलका ठरतो. ‘अन्नप्राशन’ या संस्कृत शब्दात केवळ खाण्याची क्रिया आहे; ‘उष्टावण’ या शब्दात ‘उच्छिष्ट’ आहे. अन्नाने प्रथमच मुलाचे तोंड उष्टे होते आणि ते मनुष्यांच्या पंक्तीत येते, असा भाव त्यातून व्यक्त होतो. मुलास सम महिना व मुलीस विषम महिना, हा प्रघात रूढीने जपला. याच दिवशी मुलापुढे विविध वस्तू मांडून जीविकेची परीक्षा पाहण्याची चालही जुनी आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरार्क याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या टीकेत मार्कंडेयाचे वचन देऊन तिचा निर्देश केला आहे. देवांसमोर शास्त्रग्रंथ, शस्त्रे व कलांची उपकरणे मांडावीत आणि बालक ज्यास प्रथम हात लावील ती त्याची जीविका समजावी, असा त्याचा आशय आहे. यातील विसंगती लक्षणीय आहे. व्यवसायाच्या निवडीत शिशूच्या हातास मान मिळाला. घासाच्या बाबतीत मात्र हात वडीलधाऱ्यांचाच राहिला.

हा दुसरा हात मोकळा करून पाहण्याचे काम विसाव्या शतकात झाले. अमेरिकेतील वैद्य क्लारा डेव्हिस यांनी १९२८ मध्ये नुकत्याच अंगावरून सुटलेल्या बालकांवरील प्रयोगाचे पहिले वृत्त प्रसिद्ध केले. १९३९ पर्यंत त्यांनी १५ बालकांचा अभ्यास पुरा केला होता. ३४ साध्या पदार्थांतून मुलाने स्वतः निवड करावी आणि दाईने आग्रह करू नये, असा नियम होता. आरंभी मुलांनी चमचे, ताटाच्या कडा व कागदही चावून पाहिले. पुढे प्रत्येकाची आवड निराळी ठरली, तरी सर्वांचे पोषण उत्तम झाले. मात्र मांडलेले सर्व पदार्थ मुळातच पौष्टिक होते, ही मर्यादा डेव्हिस यांनी स्वतःच दाखवून दिली. निवड मुलाची असली, तरी मांडणीची जबाबदारी मोठ्यांचीच राहते.

काळाविषयीचे मतही स्थिर नव्हते. १९५० च्या दशकात अमेरिकेत अवघ्या काही आठवड्यांच्या मुलांस घन अन्न देण्याची प्रथा बळावली होती; १९५८ मध्ये तेथील बालवैद्यकांच्या संघटनेच्या समितीस तिच्याविरुद्ध मत द्यावे लागले. भारतात १९९२ च्या शिशुआहारविषयक कायद्याने पूरक अन्नासाठी ४ महिन्यांनंतरचा काळ धरला होता. जागतिक आरोग्य सभेच्या २००१ च्या ठरावानंतर, २००३ च्या दुरुस्तीने तो ६ महिन्यांनंतरचा झाला. अशा रीतीने आधुनिक शास्त्र गृह्यसूत्रांच्या महिन्याजवळ येऊन पोचले, जरी दोहोंची कारणे वेगळी असली.

परंतु महिना जुळला म्हणजे पोषण साधले असे होत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते ८ महिन्यांच्या मुलांपैकी ४५.९ टक्के मुलांनाच दुधाबरोबर घन वा अर्धघन अन्न मिळत होते. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण अवघे ११.३ टक्के होते. पहिल्या घासाचा समारंभ होतो. दुसऱ्या दिवसापासूनच्या मऊ भाताची, वरणाची, भाजीची व फळाची तरतूद अनेक घरांत होत नाही. त्यामागे दारिद्र्य आहे, मातेच्या श्रमांचा भार आहे, आणि ‘खाऊ घातले’ म्हणजे झाले ही समजूतही आहे. सूत्रकारांनी दिवस दिला, वैद्यांनी क्रम दिला; समाजाने दिवस जपला आणि क्रम विसरला. उष्टावणाची खीर मुलाच्या अंगावर सांडते त्याचे कौतुक जरूर व्हावे. पण ‘क्षीरान्नाद’ या सुश्रुताच्या संज्ञेतील एका वर्षाचा काळ ज्याच्या वाट्यास नीट येतो, त्याच मुलाचे उष्टावण खऱ्या अर्थाने पार पडले असे म्हणता येईल.