नारायणगावचा टोमॅटो आणि १८८६ ची करसूट

१/ जुलै २०२३. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या वर गेला. जुन्नर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने महिनाभरात कोटीहून अधिक रुपयांचा माल विकल्याची बातमी देशभर झळकली. पाठोपाठ प्रश्न आला: यावर प्राप्तिकर किती? उत्तर होते, शून्य. या शून्याला मोठा इतिहास आहे.

२/ १८५७ च्या उठावाने ब्रिटिश सरकारची हिंदुस्थानातील तिजोरी कर्जात बुडाली. ती सावरण्यासाठी 'द इकॉनॉमिस्ट'चे संस्थापक जेम्स विल्सन अर्थसदस्य म्हणून कलकत्त्यास आले. २४ जुलै १८६० रोजी प्राप्तिकराचा कायदा झाला. वार्षिक २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी जाहीर विरोध केला. त्यांना पदावरून परत बोलावण्यात आले.

३/ या पहिल्या करात जमिनीचे उत्पन्नही होते. शेतीला सूट ही मूळची गोष्ट नव्हे. तो कर १८६५ मध्ये संपला, १८६९ मध्ये परतला आणि १८७३ मध्ये पुन्हा बंद झाला.

४/ निर्णायक वळण आले १८८६ मध्ये. नव्या कायद्याने शेती उत्पन्न वगळले. कारण सरळ होते: शेतकरी जमीनमहसूल आणि उपकर आधीच भरत होता. दख्खनच्या रयतवारीत तर सारा थेट रयतेच्या माथी असे. त्याच जमिनीवर दुसरा कर लादणे अन्यायाचे ठरले असते.

५/ पुढे सूट टिकली, तिचे कारण मात्र झिजत गेले. १९२४-२५ च्या कर चौकशी समितीलाही तिचे तात्त्विक समर्थन सापडले नाही. १९३५ च्या कायद्याने शेती उत्पन्नावरील कर प्रांतांकडे सोपवला. राज्यघटनेने तीच विभागणी कायम ठेवली. त्यामुळे केंद्राला शेतीवर थेट प्राप्तिकर लावता येत नाही.

६/ केंद्राने आडवाट काढली. के. एन. राज समितीच्या १९७२ च्या अहवालानंतर, १९७३ च्या वित्त कायद्याने शेती उत्पन्न केवळ 'दर ठरवण्यासाठी' मोजण्यास प्रारंभ झाला. जुन्या करप्रणालीतील उदाहरण: साठ वर्षांखालील व्यक्तीचे करपात्र उत्पन्न ६ लाख, शेतीचे ४ लाख. शेतीवर कर शून्य. परंतु ६ लाखांवरचा कर ३२,५०० रुपयांऐवजी ७०,००० होतो (उपकर वेगळा). केवळ शेतीवर जगणाऱ्याला मात्र ही तरतूद लागू होत नाही.

७/ रेषा कोठे आखली जाते, हे नारायणगावात सहज दिसते. टोमॅटो पिकवून विकणारा सुटतो. तोच माल विकून देणाऱ्या अडत्याचे कमिशन करपात्र. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न शेतीचेच, हे २००८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. द्राक्षे विकली तर शेती. त्यांची वाइन केली, तर द्राक्षांच्या बाजारभावापुढील नफा हा धंदा. १९८० च्या दशकात नारायणगावात वाइनचा कारखाना उभा राहिला, तेव्हा ही रेषा गावातूनच गेली.

८/ विवरणपत्र भरतानाही हा इतिहास समोर येतो. पगारदारांच्या 'सहज' फॉर्ममध्ये शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंतच दाखवता येते. त्यापुढे वेगळा फॉर्म लागतो. सातबारा, पीकपाहणीची नोंद आणि अडत्याच्या पट्ट्या हाच पुरावा.

९/ ज्या साऱ्यामुळे सूट मिळाली, तो आज नाममात्र उरला आहे. मग सूट का हवी? तिचे समर्थक भावाकडे बोट दाखवतात: त्याच २०२३ च्या उन्हाळ्यात राज्यात शेतकऱ्यांनी मातीमोल टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. विरोधक विचारतात, कोटीची विक्री करणारा आणि दोन एकरांवर तगणारा यांना एकच माप कसे? १८८६ च्या कायद्यापुढे हा प्रश्न नव्हता. आजच्या कायद्यापुढे तो उभा आहे.