चावी दिली म्हणजे घर नावावर केलं नाही

आज थोडा कॉम्प्युटरचा इतिहास. विषय तांत्रिक वाटेल, पण शेवटी आपल्या पैशापर्यंत येतो.

1993 साली अमेरिकेत इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन हे लिनक्स सुरू केलं. जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढवलं आणि एक शिस्त लावली. प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये बांधून यायचं. कुठली फाईल कुठल्या पॅकेजची, याची नोंद ‘डीपीकेजी’ ठेवणार. म्हणजे सातबाराच म्हणा! दुसऱ्याच्या फाईलला हात लावायचा नाही. 1995 मध्ये रेड हॅट कंपनीचं आरपीएम आलं, तेही याच विचाराचं.

पण यात एक नाजूक जागा आहे. पॅकेज बसवताना त्यातली स्क्रिप्ट ‘रूट’ म्हणून, म्हणजे सर्वाधिकाराने चालते. तिथे सगळा कारभार भरवशावर.

2018 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘आर ओपन’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरने हाच भरवसा मोडला. त्याच्या पॅकेजमधली स्क्रिप्ट सिस्टिमची ‘एसएच’ फाईल उडवून तिथे ‘बॅश’ जोडत होती. सिस्टिमच्या कित्येक स्क्रिप्ट याच ‘एसएच’वर चालतात, आणि डेबियनने तिथे ‘डॅश’ हा हलका, वेगवान शेल मुद्दाम ठेवलाय. बॅशच हवा होता, तर आपल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तसं लिहिलं असतं तरी भागलं असतं.

त्याआधी 2015 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’चा प्रकार गाजला. त्याचं पॅकेज नावापुरतं. मुख्य माल यूजरच्या फोल्डरमध्ये परस्पर उतरतो, डीपीकेजीला पत्ताच नाही. एकाने तो फोल्डर हलवला. स्क्रिप्टला जागा सापडली नाही आणि तिने त्याच्या सगळ्या फाईली पुसल्या, बॅकअपच्या डिस्कसकट. पुसणाऱ्या ओळीपाशी ‘भीतीदायक!’ असा शेरा लिहिणाऱ्यानेच मारून ठेवला होता. कळत होतं, तरी तसंच पाठवलं.

दोन्ही कंपन्या श्रीमंत, हुशार माणसांनी भरलेल्या. नियम मात्र फुकट काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी जास्त पाळले.

आता आपल्याकडे या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स डेबियनवरच उभं आहे. उद्या एखाद्या कार्यालयात अशा मशीनवर खासगी कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायचं झालं, तर पॅकेज उघडून आतली स्क्रिप्ट वाचणार कोण? टेंडरमध्ये ही अट असायला हवी की नको?

तुम्हीच सांगा.