फळझाडांतील स्वपरागण व त्याचा रेणवीय आधार

फळझाडांतील स्वपरागण : फुलातील परागकण त्याच फुलाच्या किंवा त्याच झाडावरील दुसऱ्या फुलाच्या किंजल्कावर पडणे, यास स्वपरागण म्हणतात. कलमांनी वाढविलेल्या एका प्रकाराची सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या एकरूप असल्याने त्यांचे आपसांतील परागणही स्वपरागणच ठरते. सफरचंद, नासपती, गोड चेरी, बदाम इ. गुलाब कुलातील झाडांच्या बहुतेक प्रकारांत असे परागण होऊनही फळ धरत नाही. या स्ववंध्यतेचे कारण शोधता शोधताच स्वफलनाचा उलगडा झाला. त्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

चार्ल्स डार्विन यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परफलनाने झालेली संतती सामान्यतः अधिक जोमदार असते, हे प्रयोगांनी दाखविले होते. बागाईतदारांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटला. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील बार्टलेट नासपतीच्या बागेत झाडे भरपूर फुलत, पण फळे नीट धरत नसत. १८९० नंतरच्या दशकात एम्. बी. वेट यांनी फुलांना पिशव्या बांधून प्रयोग केले. दोष जमिनीचा वा रोगाचा नसून एकाच प्रकाराच्या लागवडीचा आहे, असे त्यांना आढळले. तेव्हापासून बागेत परागदात्या प्रकाराची झाडे अधूनमधून लावण्याची पद्धत रूढ झाली. हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांतही ती आवश्यक ठरते.

ई. एम्. ईस्ट व ए. जे. मँगल्सडॉर्फ यांनी १९२५ मध्ये तंबाखूच्या वंशातील वनस्पतींवरून या घटनेचा आनुवंशिक नियम मांडला. ‘एस्’ या जनुकस्थानाची अनेक रूपे असतात. झाडात त्यांपैकी दोन व परागकणात एकच असते. परागकणातील रूप किंजलातील दोहोंपैकी एकाशी जुळले, तर परागनलिकेची वाढ वाटेतच थांबते. इंग्लंडमधील जॉन इनेस उद्यानविद्या संस्थेत एम्. बी. क्रेन व डब्ल्यू. जे. सी. लॉरेन्स यांनी चेरीच्या प्रकारांचे परस्परवंध्य गट पाडले. याच संस्थेत डी. ल्यूइस यांनी परागकणांवर क्ष-किरण सोडून स्वफलनक्षम रोपे मिळविली. त्यांपैकी एकाच्या संकरातून कॅनडातील समरलँड येथे के. ओ. लॅपिन्स यांनी ‘स्टेला’ ही स्वफलनक्षम गोड चेरी निर्माण केली (१९६८). तिच्यात नेमका कोणता फरक घडला होता, हे मात्र तेव्हा अज्ञात होते.

किंजलातील एस्-प्रथिन हे आरएनएचे विघटन करणारे एंझाइम आहे, असे १९८९ मध्ये तंबाखूच्या वंशात सिद्ध झाले. पुढे १९९२ मध्ये जपानी नासपतीतही तसेच एंझाइम आढळले. ते परागनलिकेत शिरते. परकीय परागात निष्प्रभ होते, परंतु स्वकीय परागातील आरएनए नष्ट करून नलिकेची वाढ रोखते. परागकणाची ओळख पटविणारे ‘एफ-बॉक्स’ गटातील प्रथिन बदाम, चेरी व जपानी जर्दाळू यांत २००३ च्या सुमारास सापडले. चेरीच्या वंशात हे प्रथिन स्वकीय एंझाइमास निष्प्रभ होऊ देत नाही, असे मानतात.

स्टेलाचे कोडे २००४ मध्ये सुटले. तिच्या परागातील या प्रथिनाच्या जनुकातून डीएनएच्या अवघ्या चार क्षारक-जोड्या गळालेल्या असून त्यामुळे प्रथिन अपूर्ण राहते. जपानमधील ‘निजिस्सेइकी’ या नासपतीस कृत्रिम परागण करावे लागते. पण तिच्या एका नैसर्गिक अंकुर-उत्परिवर्तनात झाड स्वफलनक्षम झाले. तेथे दोष परागात नसून किंजलात आहे : एंझाइमाचे एक जनुकच लुप्त झाले आहे.

यावरून या झाडांतील स्वफलन हा नव्याने मिळविलेला गुण नसून नकाराच्या यंत्रणेतील एखादा दुवा तुटल्याचा परिणाम होय, असे दिसते. थंड किंवा पावसाळी हवेत मधमाश्या कमी फिरतात, तेव्हा हा दोष बागाईतदारास उपकारक ठरतो. तथापि स्वफलनक्षम गोड चेरीचे बरेच प्रकार स्टेलाच्याच वंशातील आहेत; त्यामुळे आनुवंशिक पाया अरुंद होण्याचा धोका संभवतो. परफलनामुळे टिकणारी विविधता राखून स्वफलनाचा लाभ कसा घ्यावा, हा प्रश्न फळझाडांच्या प्रजननात महत्त्वाचा आहे.