श्रीवर्धनचा आमदार

मर्हूम बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांचे नाव निघाले की आपल्या समाजात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "महाराष्ट्राला एकच मुसलमान मुख्यमंत्री मिळाला." दुसरे, "आणि त्यालाही टिकू दिले नाही." लग्नाच्या मांडवात, जुम्म्याच्या नमाजीनंतर मशिदीच्या पायरीवर, निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर आम्ही ही वाक्ये इतक्यांदा ऐकली आहेत की त्यांत आता अभिमान किती आणि तक्रार किती हे वेगळे करता येत नाही. अंतुले साहेबांना निवडून कुणी दिले होते, हा साधा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. त्यांचे मुख्यमंत्रिपद एकोणीस महिन्यांचे होते आणि निवडणुकांचे राजकारण जवळजवळ सत्तेचाळीस वर्षांचे. आम्हांला या लेखात त्या सत्तेचाळीस वर्षांकडे पाहायचे आहे.

अब्दुल रहमान अंतुले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा. गाव आंबेत, तालुका म्हसळा. सावित्री नदीच्या काठावरचे हे गाव त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला होते. पलीकडच्या तीरावर रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. घर कोकणी मुसलमानाचे. मुंबईत शिक्षण झाले, नंतर लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. खाडीकाठच्या गावातला मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन येतो ही त्या काळी पंचक्रोशीत सांगण्यासारखी गोष्ट होती. पण बॅरिस्टरी केली म्हणून कोकणात मते मिळत नाहीत.

श्रीवर्धन आणि म्हसळा या भागाचा इतिहास येथे ध्यानात घेतला पाहिजे. हे दोन्ही महाल जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होते. पेशव्यांचे मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ भट हे याच श्रीवर्धनचे. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले आणि नवाबाची रयत भारताची नागरिक झाली. मुसलमान राजवट संपलेल्या या मुलखात पुढे चौदा वर्षांनी, १९६२ साली, एका तेहतीस वर्षांच्या मुसलमान वकिलाने काँग्रेसच्या वतीने मते मागितली आणि लोकांनी ती दिली. नवाबाची गादी वारसाने चालत होती. अंतुल्यांना दर पाच वर्षांनी कुणबी, आगरी, कोळी, मराठा, बौद्ध आणि मुसलमान अशा साऱ्यांच्या दारात जावे लागत होते. या मतदारसंघात मुसलमानांची वस्ती लक्षणीय आहे, गावेच्या गावे आहेत, तरी ती अल्पसंख्यच आहे. केवळ आपल्या माणसांच्या मतांवर तेथे कुणीही आमदार होऊ शकला नसता.

त्यातून कुलाबा जिल्हा काँग्रेसला सोपा कधीच नव्हता. १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप याच जिल्ह्यातला. नारायण नागू पाटलांनी खोतांच्या विरोधात उभी केलेली ती चळवळ पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या पाठीशी राहिली. लोकसभेसाठी १९५२ मध्ये या जिल्ह्याने सी. डी. देशमुखांना निवडून दिले आणि १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात, शेकापच्या राजाराम राऊतांना. लाल बावट्याच्या अशा जिल्ह्यात अंतुले १९६२, १९६७ आणि १९७२ अशा तीन निवडणुका जिंकून विधानसभेत बसले. ऑगस्ट १९६९ पासून ते कायदा व न्याय, बंदरे आणि मत्स्यव्यवसाय या खात्यांचे राज्यमंत्री झाले आणि १९७२ नंतर मंत्री. किनाऱ्यावरच्या आमदाराकडे बंदरे आणि मासेमारी ही खाती येणे त्याच्या मतदारांच्या दृष्टीने काय असते, हे पावसाळ्यात तरीसाठी ताटकळलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

१९७६ मध्ये ते राज्यसभेवर गेले. १९७७ नंतर काँग्रेस फुटली, मोठमोठी माणसे इंदिरा गांधींना सोडून गेली. अंतुले त्यांच्याबरोबर राहिले आणि पक्षाचे सरचिटणीस म्हणून काम करत राहिले. त्या निष्ठेचे फळ म्हणा, दिल्लीचा हिशेब म्हणा, ९ जून १९८० रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी पुन्हा श्रीवर्धनचेच आमदार म्हणून विधानसभेत आले. मराठा नेतृत्वाच्या आणि सहकारी साखर कारखान्यांच्या बळावर चालणाऱ्या या राज्यात त्यांच्या हाती ना कारखाना होता, ना बहुसंख्य जात. दिल्लीचा हात हीच त्यांची मोठी ताकद होती आणि तीच त्यांची दुबळी बाजू ठरली.

त्या एकोणीस महिन्यांत त्यांनी घेतलेले काही निर्णय आजही टिकून आहेत. निराधार, विधवा, अपंग यांच्यासाठीची संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्या काळात सुरू झाली. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे दोन नवे जिल्हे झाले. शिवछत्रपतींच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले ते एका कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो का? लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची भाषाही त्यांनीच केली होती. यात राजकारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण शिवाजी महाराज हा आपलाही वारसा आहे असे मानणारा आणि ते सरकारी कागदावर उतरवणारा माणूस आपल्यातला होता.

आता सिमेंट. हा विषय टाळून अंतुल्यांवर लिहिणे म्हणजे वाचकांची फसवणूक होईल. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. घर बांधायचे तर परवाना, परवान्यासाठी कोटा, आणि कोट्यासाठी मंत्रालय. टंचाईच्या त्या दिवसांत सिमेंटचे पोते हे जणू चलन झाले होते. मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास काढला. हेतू चांगला होता, लेखक-कलावंतांना मदत करण्याचा. परंतु बांधकाम व्यावसायिकांकडून देणग्या येत आणि त्यांना सिमेंट मिळे, असा आरोप झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये हे प्रकरण मांडले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध होता. त्याच महिन्यात अंतुल्यांना पद सोडावे लागले.

"मुसलमान होता म्हणून घालवला," असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. देणग्या घेणारे पुढारी त्या काळी केवळ अंतुलेच होते असे कुणी म्हणणार नाही, आणि त्यांना आधार देणारी जात किंवा कारखानदारी मागे नव्हती हेही खरे. तरीही न्यासाची कल्पना त्यांची होती आणि देणग्यांचा मार्ग त्यांच्या डोळ्यांदेखत आखला गेला. कोट्याच्या बदल्यात देणगी ही चूक आहे, मग घेणारा कोणत्याही धर्माचा असो. दुसऱ्याच्या नेत्याला जो न्याय लावतो तो आपल्या नेत्याला लावला नाही तर आपल्या खऱ्या तक्रारींचेही वजन जाते.

या प्रकरणाचा पुढचा भाग मात्र आपल्याकडे क्वचितच कुणाला ठाऊक असतो. रामदास नायक यांनी अंतुल्यांवर खटला भरला तेव्हा प्रश्न निघाला की आमदार हा कायद्याच्या भाषेत 'लोकसेवक' आहे का? तसा असेल तर खटल्याआधी मंजुरी लागेल. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितले की भारतीय दंड संहितेच्या व्याख्येप्रमाणे आमदार लोकसेवक नाही, तो सरकारच्या पगारावर नसतो. मंजुरीचे कवच गेले आणि खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवण्यात आला. पुढे १९८८ साली नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला आणि १९९८ मध्ये नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासदार-आमदारांना त्या कायद्याखाली लोकसेवक ठरवले. आमदार म्हणजे नेमका कोण, या प्रश्नाचा कायद्यातला प्रवास श्रीवर्धनच्या आमदाराच्या नावाने सुरू झाला.

याच खटल्यात २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने न्यायालयाचीच आधीची आज्ञा मागे घेतली. विशेष न्यायाधीशाऐवजी थेट उच्च न्यायालयात खटला चालवल्याने आरोपीचा अपिलाचा हक्क जातो आणि इतर आरोपींपेक्षा त्याला वेगळे वागवले जाते, असे बहुमताने ठरले. आणि १० डिसेंबर १९९१ रोजी त्यांच्याच नावाच्या आणखी एका निकालात न्यायालयाने सांगितले की खटला लवकर चालणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातला मूलभूत हक्क आहे. अंतुल्यांना या प्रकरणात शिक्षा कधीच झाली नाही. आपल्या समाजातले कित्येक तरुण वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत राहिले, पुढे निर्दोष सुटले, तोवर आईबाप कब्रस्तानात गेले. अशा कैद्यांसाठी उभा राहणारा वकील, त्याचा अशील हिंदू असो की मुसलमान, न्यायालयात ज्या निकालाचा दाखला देतो तो 'अब्दुल रहमान अंतुले' या नावाने ओळखला जातो. त्या आईबापांना हे नाव माहीत असेल ते सिमेंटसाठी.

खुर्ची गेल्यावर श्रीवर्धनच्या मतदारांनी काय केले? बदनामीच्या त्या वर्षांतही त्यांनी अंतुल्यांना टाकले नाही. १९८९ मध्ये लोकसभेवर जाईपर्यंत ते विधानसभेत होते. कुलाबा लोकसभा मतदारसंघातून ते १९८९, १९९१ आणि १९९६ असे सलग तीनदा निवडून आले. मधल्या काळात, ६ डिसेंबर १९९२ नंतर, मुंबई जळत होती आणि मुसलमान उमेदवाराला हिंदू मते मिळणार नाहीत असे सगळीकडे बोलले जात होते. १९९६ चा कुलाब्याचा निकाल त्या बोलण्याला दिलेले उत्तर होते. १९९५-९६ मध्ये ते केंद्रात आरोग्यमंत्री झाले. १९९८ आणि १९९९ ला कुलाब्याची जागा शेकापच्या रामशेठ ठाकूर यांच्याकडे गेली. २००४ मध्ये, पंचाहत्तरीत, अंतुल्यांनी ती पुन्हा जिंकली. जानेवारी २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय निघाले, त्याचे पहिले मंत्री तेच. सच्चर समितीचा अहवाल त्याच वर्षी आला.

शेवटची लढत २००९ ची. त्याआधी डिसेंबर २००८ मध्ये हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी त्यांनी संसदेत शंका घेतली होती आणि मोठे वादळ उठले होते. सरकारने कट असल्याचा संशय फेटाळला आणि अंतुल्यांनी तो खुलासा मान्य केला. त्यातच मतदारसंघाची फेररचना झाली. पनवेल, उरण, कर्जत हे भाग मावळात गेले, दापोली आणि गुहागर जोडले गेले, नाव रायगड झाले. त्यांनीच जिल्ह्याला दिलेल्या नावाच्या मतदारसंघात शिवसेनेच्या अनंत गीतेंनी त्यांचा जवळपास दीड लाख मतांनी पराभव केला. २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि आंबेतच्या मातीत ते विसावले.

राजस्थानात बरकतुल्ला खान, बिहारमध्ये अब्दुल गफूर, केरळात सी. एच. मुहम्मद कोया, आसामात अन्वरा तैमूर असे मुसलमान मुख्यमंत्री १९७१ ते १९८१ या दशकात झाले. त्या रांगेत सर्वांत शेवटी पद सोडणारे अंतुले. जम्मू-काश्मीर वगळले तर १९८२ नंतर कोणत्याही राज्यात मुसलमान मुख्यमंत्री झालेला नाही. महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत २०१४ मध्ये ९, २०१९ मध्ये १० आणि २०२४ मध्ये १० मुसलमान आमदार निवडून आले. २०११ च्या जनगणनेत राज्यातली मुसलमानांची वस्ती साडेअकरा टक्के होती, त्या हिशेबाने ही संख्या तेहतीसच्या आसपास हवी. पक्ष तिकीट देत नाहीत, ही तक्रार खरी आहे आणि ती आपण मांडत राहिलीच पाहिजे.

पण मिळालेल्या दहांतले किती जण असे आहेत की ज्यांचा मतदारसंघ मुसलमानबहुल नाही? अंतुले १९६२ ला निवडून आले तेव्हा कुणब्याच्या अंगणात बसून त्याच्या कुळकायद्याचा, कोळ्याच्या पडावाचा आणि म्हसळ्याच्या मुसलमानाच्या शाळेचा प्रश्न एकाच तोंडाने बोलले म्हणून निवडून आले. असा उमेदवार तयार व्हायला वर्षे लागतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, सोसायटी, मच्छीमारांच्या संस्था यांत आपली मुले-मुली आज कुठे आहेत, हे आपण मोहल्ल्यामोहल्ल्यात बसून पाहायला हवे. पुढचा मुख्यमंत्री कधी होईल याची चर्चा मग करता येईल. श्रीवर्धनने आधी आमदार निवडला होता, मुख्यमंत्री तो अठरा वर्षांनी झाला.